दादाचा डावा पाय आणि लो किक

थांबा, हे आत्ताच सांगायला हवं. नंतर सांगते म्हटलं की मी सांगत नाही, आणि त्याचं काय होतं ते मी एकदा बघितलंय.

दहा मिनिटांपूर्वी दादाने कपाटावरून गेमचा खोका खाली काढला. पूर्ण एक वर्षाने. फुंकर मारून धूळ उडवली, वायरी सोडवत बसला आणि म्हणाला, "बस गो. एक मॅच."

आणि माझी नजर कुठे गेली, तर त्याच्या पायांकडे. गुडघ्यापर्यंत लाल.

मी म्हटलं पाच मिनिटांत येते. फोन घेऊन मागच्या पायरीवर बसलेय आणि भराभर टाईप करतेय. चुका झाल्या तर समजून घ्या.

तर आधीपासून. आम्ही कारापूरला राहतो. आई इब्रामपूरची, त्यामुळे घरात बोलणं सगळं तिच्यासारखं, मीच तेवढी शाळेतल्यासारखं बोलते. बाबा मुरगावला बंदरात कामाला, तिथेच खोली घेऊन राहतात, शनिवारच्या बसने घरी. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, खाणीवर टिपर चालवतो. म्हणजे खनिज भरलेला ट्रक. आमच्या भागात टिपरवाल्याचा पाय लालच असतो. खनिजाची माती चप्पलमध्ये जाते, नखात जाते, केसांच्या मुळात बसते. दादाच्या उशीची खोळ लाल, न्हाणीची फरशी लाल, आईने कितीही घासली तरी. त्यामुळे लाल पाय बघून आमच्याकडे कुणी कुणाला काही विचारत नाही. हे लक्षात ठेवा. सगळं त्याच्यावरच आहे.

गेल्या वर्षी मे महिना. माझी बारावी संपलेली. दादाने एका मित्राकडून जुना गेम आणलेला, दोन रिमोट, त्यातल्या एकाचं बटण चिकटायचं (तो माझा). गेम पिंजऱ्यातल्या मारामारीचा. जाळीच्या आत दोघं, लाथा, बुक्के, खाली पाडणं, सगळं चालतं. आई दुपारी काजूच्या फॅक्टरीत, दादा पहिली पाळी संपवून दीडला घरी. मग आम्ही दोघं टीव्हीसमोर चटई टाकून बसायचो आणि मी हरायचे.

रोज हरायचे! कारण मला फक्त डोक्यात लाथ मारायची असायची. ती दिसते भारी, सगळं अंग गोल फिरतं. मी बटण दाबून धरायचे, लाथ, लाथ, लाथ. स्क्रीनच्या वर दमाची एक पट्टी असते, ती चार लाथांत संपायची आणि माझा गडी धापा टाकत उभा. मग दादा आरामात येऊन त्याला झोपवायचा. कधी माझी लाथ हवेतच पकडायचा आणि धाडकन खाली.

"अगो, लांबसून मारतंस कित्या? थंय माणूस तरी आसा काय?"

"मग जवळ जाऊन मारू?"

"जवळ गेलंस तर लाथ बसतली कशी? एका पावलाचा अंतर ठेव. आणि आधी एक बुक्को दाखव. तेचो हात वर गेलो की मगे खाली मार."

खाली म्हणजे मांडीवर, पोटरीवर. लो किक. मला ती बोअर वाटायची. टप् असा आवाज येतो, समोरचा पडत नाही, काहीच होत नाही. पण दादा म्हणायचा, ह्यातच खरी गंमत. कोपऱ्यात माणसाचं एक छोटं चित्र असतं. एकाच पायावर मारत राहिलं की चित्रातला तो पाय गुलाबी होतो, मग लाल, मग गडद लाल. तोवर समोरचा हसतखेळत मारत असतो. आणि मग एका क्षणी तो पाय टाकतो आणि लंगडतो. तिथून त्याचं काही खरं नाही.

"आधी कोणाक दिसणा नाय," दादा म्हणाला होता. "तेकाच दिसता, जेका लागता."

माझी अजून एक अडचण होती, तुम्ही हसाल. चटईवर बाजूबाजूला बसलो की मारामारीच्या नादात माझा खरा पाय दादाला लागायचा. आणि आमच्या घरात पाय लागला की त्या माणसाला हात लावून कपाळाला न्यायचा. लहानपणापासून. विचार करावा लागत नाही, हात आपोआप जातो. म्हणजे मी चांगली लाथ मारणार, पाय लागणार, रिमोट सोडून मी नमस्कार करणार, आणि तेवढ्यात दादा मला धुवून काढणार.

"कर कर, नमस्कार कर," तो हसत म्हणायचा. "आशीर्वाद आसा तुका. आता झोप."

आणि माझा गडी आडवा.

तर सोमवार. जत्रेला नऊ दिवस राहिलेले. आमच्या भागातल्या ह्या जत्रेत व्रत घेतलेली माणसं होमाच्या निखाऱ्यांवरून अनवाणी चालत जातात. त्यांना धोंड म्हणतात. आधी काही दिवस ती घरापासून वेगळी, मांडवात राहतात, सोवळ्याने, स्वतः रांधून. दादा त्या वर्षी पहिल्यांदा धोंड होणार होता. कारण बाबा. त्याच्या आधीच्या वर्षी बाबा बंदरात शिडीवरून पडले, तीन महिने अंथरुणात. दादाने तेव्हा बोलून ठेवलेलं, बाबा स्वतःच्या पायांनी चालले तर मी होमातून जाईन. बाबा चालले. आता त्याची पाळी. गुरुवारी सकाळी तो मांडवात जाणार होता. आईने त्याचं नवं धोतर धुवून, वाळवून, घडी घालून ठेवलेलं. धोंडांच्या हातात असते ती वेताची काठी भिंतीला टेकवलेली.

सोमवारी दुपारी मी पहिल्यांदा बरी खेळत होते. एक बुक्का, मग लो किक. एक बुक्का, मग लो किक. दादाच्या गड्याचा पाय गुलाबी झालेला. मी उत्साहात सरकले आणि माझा पाय त्याच्या डाव्या पोटरीला लागला. जोरात नाही. नेहमीसारखाच.

दादाने श्वास आत ओढला. स्स्स, असा.

माझा हात नेहमीसारखा गेला. पोटरीला लावला आणि चटकाच बसला. तव्याजवळ हात नेल्यासारखा. कपाळाकडे नेताना मी तळहात बघितला.

स्वच्छ होता. माती लागलीच नव्हती.

मी परत बघितलं. पाय लाल, हात स्वच्छ. म्हणजे तो लाल रंग मातीचा नव्हताच. तो आतून आलेला. दादा न्हाऊन बसलेला, केस ओले होते. आम्ही सगळे किती दिवस तो पाय बघत होतो देव जाणे. आई बघत होती, मी बघत होते, आणि आम्हाला वाटत होतं नीट धुतला नाहीये.

"दादा, हे काय?"

"कायएक नाय. फाळको लागलो."

फाळका म्हणजे टिपरचं मागचं दार. ते उघडताना गंजलेली कड नडगीला लागलेली, आठ दिवसांपूर्वी. जखम करंगळीएवढी, वरून सुकलेली. पण तिच्या भोवती पाय टम्म, चकचकीत, घोट्यापासून वर वीतभर लाल.

"मी आईला सांगते."

"तां करू नको." त्याने रिमोट खाली ठेवला. "धोंडाच्या पायाक लागला म्हटल्यावर लोक काय म्हणतले? घरात कायतरी चुकला म्हणतले. आई रडतली, बाबांका फोन करतली. जत्रा जाव दे. मगे दाखवतंय डॉक्टराक."

"निखाऱ्यावरून चालणार ह्या पायाने?"

"चालतलंय."

"दादा!"

"आईची शपत घे, सांगूचंय नाय म्हणून."

मी घेतली. का घेतली? आज विचारा मला. तो माझा हात धरून बसलेला, आणि त्याचा हातही गरम होता, आणि मी घेतली. मग म्हटलं, पण तू आज डॉक्टरकडे चल, कोणाला कळणार नाही. तो नाही म्हणाला. मी भांडले. शेवटी वैतागून, हसत, तो म्हणाला, "माका एकदा हरव. ज्या दिवशी हरवशीत त्या दिवशी जातंय. बस?"

त्याला माहीत होतं मी त्याला कधीच हरवलेलं नाही. मला मात्र वाटलं, मार्ग सापडला.

मी बॉलपेन आणला आणि लाल जिथे संपतं तिथे त्याच्या पायावर रेघ मारली. सायन्सवाली ना मी. तो म्हणाला, "नकाशो काढतंस काय?"

मंगळवार सकाळ. पोदेर पाव देऊन गेला, दादा चहात पाव बुडवून नुसता बघत बसला. कामाला गेला तरी. गेला की मी गेम लावला आणि एकटीच कॉम्प्युटरशी खेळले, चार तास. जेवण करपलं. पण मला कळायला लागलं. लाथ मारायची तर समोरचा पुढे येत असताना नाही, तेव्हा पाय पकडला जातो. तो बुक्का मारून हात मागे घेत असतो ना, त्या फटीत. एक मारून मागे सरकायचं, दम भरू द्यायचा. दोनदा मांडीवर, एकदा कमरेवर, म्हणजे त्याला कळत नाही हात कुठे ठेवायचा. आणि समोरच्याने नडगी वर उचलून अडवली तर दुखतं मारणाऱ्यालाच, म्हणून लागोपाठ तीच तीच नाही. मी जोरजोरात स्वतःशी बोलत होते. शेजारची काकी जनेलातून डोकावून म्हणाली, "कोणाक मारतंस गो बाय सकाळीच?"

दादा दीडला आला. टिपरवरून उतरून अंगणात येईपर्यंत दोनदा थांबला. पाय धुतले. रेघ खाली राहिलेली. लाल रंग रेघेच्या वर चार बोटं गेलेला, आणि तिथून एक बारीक लाल दोरी गुडघ्याकडे निघालेली. मी दुसरी रेघ मारली. ह्यावेळी त्याने थट्टा केली नाही, रिमोट उचलला.

खेळलो. मी दुसऱ्या फेरीपर्यंत टिकले! पहिल्यांदा! त्याच्या गड्याचा डावा पाय लाल झालेला, अजून दोन हव्या होत्या, फक्त दोन, आणि माझा पाय त्याच्या गुडघ्याला लागला आणि माझा हात गेला. रिमोट सोडून. नमस्काराला.

संपलं.

मी रडकुंडीलाच आले. दादा हसला नाही. म्हणाला, "पंखो बंद कर गो, थंडी वाजता." मे महिन्यात. दुपारी दोन वाजता. चादर घेऊन तो चटईवरच आडवा झाला आणि त्याचे दात वाजत होते.

संध्याकाळी आई आली, कपाळाला हात लावून म्हणाली, "ऊन बाधला झिलाक," आणि कोकमाचं पाणी करून दिलं. मी स्वयंपाकघरात तिच्या मागे उभी होते. तोंड उघडलं असतं तर शब्द आलेच असते. तिने विचारलंही, "काय गो, कशी उभी रवलंस?"

"काही नाही," मी म्हटलं.

मला वाटत होतं, उद्या जिंकते. खरंच वाटत होतं. मी इतकी जवळ आलेले. झोपेतसुद्धा माझा अंगठा चालत होता.

बुधवार. दादा कामाला गेला नाही. आईला सांगितलं, उद्या मांडवात जायचंय तर विश्रांती घेतो. आई खूश. ती बाहेर पडली आणि त्याने चादर काढली. दुसरी रेघ कुठे दिसतच नव्हती. सूज तिच्यावर आलेली, पाय गुडघ्याखाली सगळा एकसारखा, आणि जखमेच्या बाजूचा भाग लाल नाही, जांभळा. वास येत होता. थोडासा. ओल्या फडक्यासारखा.

"दादा, चल ना."

"खेळ आधी." त्याचे डोळे चकाकत होते. "बोली म्हणजे बोली."

मी त्या दिवशी चटईवर बसले नाही. जेवणाच्या मेजाजवळची कदेल, म्हणजे खुर्ची, ओढून आणली, टीव्हीसमोर ठेवली आणि वर मांडी घालून बसले. म्हणजे पाय लागणार नाही, हात जाणार नाही. दादा खाली, भिंतीला टेकून, डावा पाय उशीवर.

मी बुक्का दाखवला, त्याचा हात वर गेला, मी पोटरीवर मारली. टप्. मागे सरकले. परत. टप्. डावा पाय. कोपऱ्यातलं चित्र गुलाबी. टप्. दादा नेहमीसारखा खेळत नव्हता, बटणं उशिरा दाबत होता. टप्. चित्र लाल.

"खंयच्या पायाक मारतंस?" तो हळूच म्हणाला.

"डाव्या."

त्याने गड्याचा पवित्रा बदलला. डावा पाय मागे घेतला, उजवा पुढे. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं, खाली उशीवर त्याचा खराही पाय थोडा मागे सरकला. त्याला कळलंसुद्धा नसेल.

मला त्या पायावर मारायचं नव्हतं. पण तोच मार्ग होता. मी गोल फिरून परत डाव्या बाजूला गेले. टप्. त्याचा गडी लंगडला. दादाने गड्याचे दोन्ही हात खाली आणले, पाय वाचवायला. आणि मी वर मारली. डोक्यात. इतके दिवस जी बसली नव्हती ती लाथ अशी बसली की त्याचा गडी सरळ जाळीवरून घसरत खाली गेला.

मी जिंकले. मी कदेलवर उभी राहून ओरडले!

"चल! उठ! डॉक्टर!"

दादा टीव्हीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "जत्रा झाल्यावर."

"काय?"

"जत्रा झाल्यावर जातंय म्हटलंय."

"पण तू म्हणाला होतास हरलो तर त्याच दिवशी..."

"खेळाची बोली ती. बाबांची बोली मोठी मां?"

आणि तो उठायला गेला. पाणी प्यायला असेल. भिंत धरली, उजवा पाय टेकला, डावा टेकला आणि तो सरळ खाली आला. आवाज न करता. वेताची काठी त्याच्याबरोबर पडली.

मग मी धावले. चप्पलसुद्धा नाही घातली. काजूच्या फॅक्टरीच्या गेटवर उभी राहून "आई, आई" ओरडत होते. आई बाहेर आली, हात काजूच्या चिकाने काळे, आणि मी एका श्वासात सगळं सांगितलं. शपथ, रेघा, वास. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. तीन दिवस जे आत धरून ठेवलेलं ते पाच मिनिटांत संपलं.

आईने मला एकच विचारलं. "सोमवारपासून?"

"हो."

ती चिकाचे हात तसेच घेऊन घराकडे धावली. त्यावर ती अजूनपर्यंत एक शब्द बोललेली नाही.

शेजारच्यांच्या गाडीतून आधी डिचोलीला नेलं, तिथून त्यांनी मोठ्या इस्पितळात पाठवलं. पोटरीचं कुजलेलं मांस काढावं लागलं. मांडीची कातडी काढून तिथे लावली. डॉक्टरबाई चांगल्या होत्या, रागावल्या नाहीत, सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "दोन दिवस आधी आणलं असतं तर हे सगळं लागलं नसतं." दोन दिवस आधी म्हणजे सोमवारी. सोमवारी मी रेघ मारत होते.

जत्रा झाली तेव्हा दादा वॉर्डात झोपलेला. बाबा त्याच्या उशाशी. बाबा म्हणाले, "माझ्यासाठी तू चालतलंस म्हणून मी चाललंय काय रे? पाय माझे, मी चाललंय." दादाने तोंड भिंतीकडे केलं.

आता तो चालतो. टिपरसुद्धा चालवतो, क्लचवर पाय पूर्ण दाबला जात नाही म्हणून हळू. पण जिना उतरताना तो डावा पाय जसा टाकतो ना, तसाच गेममधला गडी टाकायचा. अगदी तसाच. मी तेव्हा दुसरीकडे बघते.

ह्या वर्षी जत्रेला बारा दिवस आहेत. दादा परवा आईला म्हणाला, "धोतर काढून ठेव." आई हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. आणि आज त्याने गेम काढला, आणि पाय गुडघ्यापर्यंत लाल.

थांबा, हाक मारतोय.

आले. जाऊन आले. सांगते. तो वायरी लावून चटईवर बसलेला. मी बाजूला बसले आणि मुद्दाम, एकदम मुद्दाम, माझा पाय त्याच्या डाव्या पोटरीला लावला. मग हात लावला आणि कपाळाकडे नेताना बघितला.

लाल. पूर्ण तळहात लाल! माती! एवढी माती बघून मला कधी एवढा आनंद झाला नव्हता.

दादा म्हणाला, "मुद्दाम लावलंस."

"नाही."

"वर्षभर बघतंय. पंधरा दिवसांनी एकदा पाय लावतंस तू माका."

पण व्रणाच्या कडेला, जिथे कातडी शिवलेली आहे तिथे, हाताला थोडं गरम लागलं. ऊन असेल. आत्ताच टिपरवरून उतरलाय, इंजिनची गरमी असेल. असेल ना? तो म्हणतो, "कायएक नाय." तेच शब्द. त्याच आवाजात.

म्हणून मी परत मागच्या पायरीवर आले आणि आधी आईला फोन केला. सांगितलं, लाल आहे ती माती आहे, पण एका जागी गरम आहे, मला नक्की माहीत नाही, तू ये. आई म्हणाली, "येतंय." मग हे पुढे लिहिलं. फोनच्या स्क्रीनवर माझ्या बोटांचे लाल ठसे उमटलेत, पुसत नाहीये. आतून गेमचं म्युझिक येतंय आणि दादा ओरडतोय, "येतंस काय गो, की भियालंस?"

जाते मी. आई येईपर्यंत खेळते. डाव्या पायावर मारणार नाही.

तुमच्या घरी झालंय का असं? कोणीतरी "काही नाही" म्हणालं, तुम्हाला माहीत होतं की आहे, आणि तुम्ही भलतंच काहीतरी जिंकत बसलात? तुम्ही कितव्या दिवशी सांगितलंत? सांगा ना, खरंच. पहिल्या दिवशी सांगणारं कोणी आहे का?